मालगुंडचं केशवसुत स्मारक: मराठीच्या शिक्षकांनी वर्ग घेऊन जावं अशी जागा

गणपतीपुळ्याला दर्शन झालं, समुद्रावर खेळून झालं की बहुतेक शाळांच्या सहली परत फिरतात. तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभारलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कौलारू घर, आत जुन्या वापरातल्या वस्तू, मागे कवींची छायाचित्रं आणि कविता असलेलं दालन, बागेत शिळांवर कोरलेल्या कविता. नुसतं फिरून यायचं तर पंधरा-वीस मिनिटांत होतं. मी इथे लिहितेय ते मराठी शिकवणाऱ्यांसाठी, कारण मी हायस्कूलला मराठी शिकवते आणि कवितेचा तास घ्यायला आपल्या जिल्ह्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

वर्गात काय होतं ते आधी सांगते. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असा प्रश्न असतो. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी तो फार चांगल्या हेतूने ठेवलाय: पोराने स्वतःला काय वाटलं ते लिहावं. पण बाजारात मिळणाऱ्या गाइडांत स्वमताचंही तयार उत्तर असतं, आणि मुलं ते पाठ करतात. ‘प्रस्तुत कवितेतून कवीने अत्यंत प्रभावी शब्दांत...’ असं सुरू होणारं उत्तर एकामागून एक तपासताना जीव तुटतो. कारण हीच मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना गोष्ट सांगतात तेव्हा काय सुरेख बोलतात! त्यांना वाटत असतं पुष्कळ. आपलं वाटणं वहीत लिहायच्या लायकीचं आहे, यावर त्यांचा विश्वास नसतो, एवढंच.

मालगुंडला हा विश्वास बसायला पहिली मदत घराची होते. कवी म्हणजे पुस्तकातला पागोटंवाला फोटो, अशी मुलांची समजूत. इथे ती दारातून आत गेली आणि एक मुलगी चटकन म्हणाली, “बाई, हे तर आमच्या आजीचं घर!” मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणाच्या घरी अजून तसा पाट आहे, कुणाचं घर मुंबईवाल्यांनी पाडून स्लॅबचं केलंय, कुणाचं गणपती आणि शिमग्यालाच उघडतं. मी मध्ये बोलले नाही. मग एवढंच सांगितलं की या घरातला मुलगा १८६६ साली जन्मला, मोठेपणी तुमच्या सरांसारखा बेताच्या पगारावर शाळेत शिकवत राहिला आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. वय चाळिशीच्या आतलं. पुढची पाच मिनिटं कुणी दंगा केला नाही.

नंतर बागेत सोडायचं. माझी सूचना एकच असते: फिरा, वाचा, एक कविता निवडा, तिच्यासमोर बसा. अर्थ लागला नाही तरी चालेल. जी ओळ थांबवेल ती वहीत उतरवा आणि खाली मनात आलं ते लिहा. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही, गुण नाहीत. आणि ज्याला वाचून दाखवायचं नसेल त्याने पान दुमडावं. दुमडलेलं पान मी उघडत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मुलं कवितेच्या आडोशाने घरातलं दुःख लिहितात, वडिलांच्या दारूचंही लिहितात. ते चव्हाट्यावर आणायचा आपल्याला काही अधिकार नाही.

‘सतारीचे बोल’ या कवितेच्या झेरॉक्स मी नेहमी बरोबर नेते, कारण ही कविता म्हणजेच एका माणसाचा कलेला मिळालेला प्रतिसाद आहे. काळोखी रात्र, मनात खंत, आणि कुठूनसे सतारीचे सूर येतात, दिड दा दिड दा. आधी त्या माणसाला त्यांचा संताप येतो. मग ऐकता ऐकता मन निवत जातं. त्या सुरांचा अर्थ त्याला कुणी समजावून दिलेला नाही.

कवितेत सुरुवातीला तो म्हणतो की सोसाट्याचं वादळ आलं असतं तरी त्या वेळी मला ते मानवलं असतं. इथे मासेमारीवर जाणाऱ्या घरातला एक मुलगा अडला. एरवी तासाला तोंड न उघडणारा. “बाई, हे खोटं आहे. वादळ कुणाला आवडंल? तौक्तेच्या टायमाला आमची होडी फुटली. ह्यो कधी समुद्रात गेलाच नसंल.” दोघं-तिघं हसले. मी हसले नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. वादळ म्हणजे काय हे त्या झाडाखाली बसलेल्यांत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, “मग ह्याला का आवडलं असेल? पुढची ओळ काय सांगते, बघ.” त्याने बोट ठेवून वाचली. मन आतून विषण्ण असलं की बाहेरही भयंकर असावं असं वाटतं, अशा अर्थाची ती ओळ. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “होडी फुटली त्या रात्री आये रडत होती न् बाहेर पाऊस थांबलेला. मला वाटलं, थांबला कशाला आता.”

चाळीस मिनिटं फळ्यावर रसग्रहण लिहून देऊनही मला त्या ओळीचा एवढा अर्थ सांगता आला नसता.

काही सहकारी म्हणतात, प्रत्येकाला काय वाटतं ते विचारत बसलात तर कविता बाजूलाच राहते. ही भीती मला मान्य आहे. ‘मला कविता आवडली, मला गाव आठवला’ एवढ्यावर थांबलं तर तो प्रतिसाद पोकळच. म्हणून दुसरा प्रश्न लगेच विचारायचा: कवितेतल्या कुठल्या शब्दाने तुला असं वाटलं? लुईस रोझेनब्लाट या अमेरिकन प्राध्यापिकेने १९३८ पासून हेच मांडलं, की साहित्याचा अनुभव वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीतून घडतो. वाचकाला वगळता येत नाही, तसं मजकुरालाही नाही. त्या मुलाला मी ‘तुझं बरोबर’ म्हणून सोडून दिलं असतं तर पुढची ओळ त्याला भेटलीच नसती. ‘तुझं चूक’ म्हटलं असतं तर तो पुन्हा बोलला नसता.

आता व्यवहाराच्या गोष्टी. आठवीच्या खालच्या मुलांना नेऊ नका. भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, ती कंटाळतात. ‘तुतारी’ १८९३ची आहे. ती मोठ्याने, सगळ्यांनी मिळून म्हणायला ठेवा, लिहायला शांत कविता द्या. सकाळी आधी मालगुंड आणि मग पुळ्याचा समुद्र, हा क्रम उलटा झाला तर ओले कपडे आणि वाळूचे पाय घेऊन कुणीही कविता वाचणार नाही. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गेलात तर रस्ता देखणा आहे, पण वळणांनी पोरांना गाडी लागते, पिशव्या ठेवा. स्मारकाची वेळ आधी विचारून घ्या आणि वर्ग येतोय असं कळवून ठेवा. अडीच तास हाताशी हवेतच. मोठ्या शाळांनी चार तुकड्या एकदम आणू नयेत, एका वेळी एक तुकडी बरी.

तारे विचाराल तर माझ्याकडून पाचही. मात्र ते हातात कोरी वही असलेल्या वर्गासाठी. शाळेने माहितीपत्रक भरून आणायला सांगितलं असेल, जन्म अमुक, मृत्यू तमुक, कवितांची नावं, तर तेवढ्यासाठी एसटीचा खर्च करू नका. ते वर्गात बसूनही भरता येतं. यंदा डिसेंबरात आठवीच्या दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या दिवशी न्यायच्या आहेत. आसपासच्या शाळेतल्या कुणा मराठीच्या शिक्षकांना यायचं असेल तर त्यांनी जरूर यावं, फक्त झाडाखाली बसल्यावर पहिला अर्धा तास आपण कुणीच काही समजावून सांगायचं नाही.