ब्रिगंडाइन की पत्र्याचा क्युरॅस? गुलाबांच्या युद्धांतल्या किटसाठी

गुलाबांची युद्धं म्हणजे 15व्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या लढाया. त्या पुन्हा साकारणाऱ्या हौशी गटांच्या मेळ्यांत 1460 ते 1485 च्या इंग्लंडमधला सरदार, किंवा त्याच्या पदरचा चिलखती लढवय्या, उभा करायचा ठरवलं की डोक्याबद्दल आणि हातापायांबद्दल फारसा वाद होत नाही. सॅलेट (शिरस्त्राण), बेव्हर (हनुवटी-गळ्याचा पत्रा), गॉन्टलेट (पत्र्याचे हातमोजे), पायांचे पत्रे यांत प्रत्येकाच्या आवडीनिवडी असतात, पण निर्णय पटापट होतात. घोडं अडतं ते धडापाशी. छातीपाठीला ब्रिगंडाइन (पोलादी पट्ट्या बसवलेलं कापडी जाकीट) घ्यावं की पत्र्याचा क्युरॅस (छातीचा आणि पाठीचा घडीव पत्रा)? मोठा खर्च इथेच होतो, आणि खांदे, दंड, मांड्या यांची पुढची सगळी जुळणी या एका निर्णयावर ठरते. मी काही हंगाम ब्रिगंडाइन घालून काढले, आता क्युरॅस घालतो. इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीच्या जुलैतल्या मेळ्यात दोन्ही अंगावर चढवून झाले आहेत. तुमचा बांधा, तुमचा गट आणि तुम्ही घेतलेली भूमिका वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच सांगून ठेवतो.

इतिहासाच्या बाजूनं दोन्ही चोख आहेत. ब्रिगंडाइन म्हणजे ज्याला क्युरॅस परवडत नाही त्याचं चिलखत, असा एक समज नव्या लोकांत फार दिसतो. तो सोडून द्यावा. कापडाच्या आतून रिव्हेटनं बसवलेल्या छोट्या पोलादी पट्ट्यांचं हे जाकीट तिरंदाजही घालत आणि लाल मखमल व सोनेरी मुलाम्याचे खिळे लावून मोठे सरदारही मिरवत. 1481 मध्ये स्कॉटलंडवरच्या आरमारी मोहिमेसाठी लॉर्ड हॉवर्डनं आपल्या माणसांना जे सामान दिलं, त्याच्या हिशेबात ब्रिगंडाइन, सॅलेट, गळ्याभोवतीची कड्यांची कॉलर आणि बाणांची जुडी अशा नोंदी येतात. दुसऱ्या बाजूला, क्युरॅससाठी वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन वॉरिकचा अर्ल रिचर्ड बीचम याची समाधी पाहावी. हा अर्ल 1439 मध्ये वारला. त्याचा सोनेरी मुलाम्याचा ओतीव पुतळा उताणा झोपलेला आहे, तरी कारागिरांनी कुणाला न दिसणारी पाठसुद्धा पट्ट्या-बकलांसकट घडवली. इटालियन धाटणीच्या क्युरॅसची पाठीकडची बाजू कशी असते, हे समजून घ्यायला माझ्या माहितीत याहून चांगली जागा नाही.

ब्रिगंडाइनच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे आणि ते मनापासून बोलतो. पहिलं म्हणजे ते एकट्याला घालता येतं. बकलं किंवा नाडी समोर असते, हात घातले, ओढून घेतलं, झालं. दुसरं, ते अंगाबरोबर वळतं. धनुष्य खेचायचं असेल, वाकून भाला उचलायचा असेल, तंबूत खाली बसून जेवायचं असेल, तर पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि वाट करून देतात. प्रवासात ते पिशवीत मावतं. ट्रेननं मेळ्याला जाणाऱ्या माणसाला हा फायदा लहान वाटणार नाही. चुकीच्या मापाचं आलं तर घरी थोडंफार दुरुस्तही करता येतं: बाजूची एक ओळ उसवायची, दोन पट्ट्या काढायच्या, पुन्हा रिव्हेट मारायचे. क्युरॅसचा घेर कमी करायला मात्र ऐरण, हातोडा आणि जाणता हात लागतो. शिवाय मेरठकडच्या कारखान्यांतून रिव्हेट केलेल्या कड्यांच्या बाह्या सहज मिळतात. त्या खाली घातल्या की काखेचा आणि दंडाचा प्रश्न एका फटक्यात सुटतो.

इतकं सगळं असूनही माझा निर्णय फिरला, तो ओलाव्यामुळे.

इंग्लंडमधल्या मेळ्यांत पाऊस लागतो हे खरं, पण पावसापेक्षा जास्त पाणी आपल्याच अंगातून निघतं. आर्मिंग डब्लेट, म्हणजे चिलखताखाली घालायचा जाड कापडी अंगरखा, दुपारपर्यंत पिळून काढण्यासारखा होतो. ब्रिगंडाइन त्या डब्लेटला दिवसभर चिकटलेलं असतं. माझ्या ब्रिगंडाइनला आतून अस्तर नव्हतं, म्हणजे पट्ट्यांची आतली बाजू उघडी होती, आणि ती मी दर संध्याकाळी नीट पुसत असे. पण गंज तिथे धरतच नव्हता. प्रत्येक पट्टीची बाहेरची बाजू जाड कॅनव्हासला टेकलेली असते, आणि प्रत्येक पट्टीची कड शेजारच्या पट्टीखाली गेलेली असते. या दोन्ही जागी फडकं पोचत नाही. तेल सोडावं तर ते पोलादाआधी कापडात मुरतं आणि बाहेरच्या मखमलीवर काळपट डाग उमटतात. तेल न सोडावं तर काही महिन्यांत रिव्हेटच्या डोक्यांभोवती तपकिरी वलयं दिसू लागतात. तोवर आतलं काम झालेलं असतं: गंजानं कापडाचे धागे कुजतात, आणि नेमक्या रिव्हेटच्या ओळीवरच मखमल फाटायला लागते, कारण सगळा ताणही त्याच ओळीवर असतो.

वाळवणं हा त्याच दुखण्याचा दुसरा भाग. कॅनव्हास आणि मखमल यांच्यात दडलेलं पाणी हवेनं सहजी निघत नाही. रविवारी रात्री घरी आलेलं ब्रिगंडाइन आठवडाभर खुर्चीवर, पंख्यासमोर ठेवलं तरी आतून गारच लागायचं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात विसरलेल्या चामडी पिशवीला येतो तसा वास त्याला येऊ लागला. मला मनापासून आवडणारी वस्तू डोळ्यांदेखत खराब होत होती आणि ती उघडून पाहण्याचा एकच मार्ग होता, शेकडो रिव्हेट उडवायचे. ते मी केलं, पट्ट्या घासल्या, पुन्हा बसवल्या. पण दर काही वर्षांनी हेच करावं लागणार, हे तेव्हाच स्पष्ट झालं.

त्या काळच्या कारागिरांनाही हे दुखणं ठाऊक होतं. टिकून राहिलेल्या अनेक ब्रिगंडाइनच्या पट्ट्यांवर कथिलाचा थर दिलेला आढळतो. त्यामुळे तुम्ही ब्रिगंडाइनच घेणार असाल तर माझी एकच कळकळीची विनंती: साध्या माइल्ड स्टीलच्या उघड्या पट्ट्या घेऊ नका. कथिल दिलेल्या मागा, नाहीतर स्टेनलेस. आतला पत्रा बाहेरून दिसत नाही, म्हणून माझ्या ओळखीचे बरेच गट स्टेनलेसला हरकत घेत नाहीत. तरी आपल्या गटाला विचारून घ्यावं. नुसता रंग दिलेल्या पट्ट्यांवर मी तरी विसंबणार नाही, कारण पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि रंग नेमका कडांवरून आधी जातो. कापडाचा ओलावा मात्र यांपैकी कशानंही जात नाही.

क्युरॅसचं असं काही नसतं. संध्याकाळी अंगावरून उतरवला, टॉवेलनं आतून-बाहेरून कोरडा केला, तेलाचा हात फिरवला, हंगाम संपताना संग्रहालयांत वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण चढवलं, एवढ्यावर भागतं. गंज आला तर दिसतो, आणि दिसला की बारीक पॉलिश पेपर आणि थोड्या तेलानं निघतो. चामड्याचे पट्टे सुटे करून वेगळे वाळवता येतात. माझ्या क्युरॅसवर पावसाचे ठिपके पुष्कळ पडले. एकही टिकला नाही.

दुसरा फरक माझ्या खांद्यांना कळला. वजनकाट्यावर दोघांत फारसं अंतर नव्हतं. पण तयार मापाचं ब्रिगंडाइन बहुधा कमरेला पुरेसं आत घेतलेलं नसतं, त्यामुळे सगळं वजन खांद्यांवर लोंबतं. दुपारनंतर मान भरून येते. नीट बेतलेला क्युरॅस कमरेच्या वर, शरीर सर्वांत अरुंद असतं तिथे आवळला जातो आणि वजनाचा मोठा वाटा कमरेवर उतरतो. इथे ‘नीट बेतलेला’ या दोन शब्दांवर सगळं अवलंबून आहे. बाजारात मिळणारे कितीतरी छातीपत्रे लांबीला जास्त असतात, थेट कमरेच्या हाडापर्यंत येतात. 15व्या शतकातला छातीपत्रा बेंबीच्या आसपास संपतो. त्याखालचं पोट फॉल्डच्या सरकत्या पट्ट्या झाकतात आणि मांडीवर टॅसेट नावाचे सुटे पत्रे लोंबतात. लांब छातीपत्रा घालून खाली बसलात की तो वर सरकून गळ्यात रुततो. असा क्युरॅस आणि चांगलं ब्रिगंडाइन यांत निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून ब्रिगंडाइन उचलेन.

श्वासाबद्दलही सांगायला हवं, कारण या बाबतीत क्युरॅस थोडा उणा पडतो. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाच्या चार जणांना 15व्या शतकाच्या नमुन्यावरची पूर्ण चिलखतं घालून ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. चालताना ऊर्जेचा खर्च 2.1 ते 2.3 पट झाला, पळताना 1.9 पट. छाती आवळलेली असल्यानं माणसं खोल श्वास घेण्याऐवजी भराभर उथळ श्वास घेत होती. क्युरॅसमध्ये पळत चढण चढताना मला नेमकं हेच जाणवतं, ब्रिगंडाइनमध्ये जरा कमी जाणवायचं. पण त्याच प्रयोगात पायांवरच्या पत्र्यांचं वजन फार महागात पडतं असंही दिसलं, आणि ते तर दोन्ही किटमध्ये सारखंच असतं. म्हणून हा मुद्दा मी निर्णायक मानला नाही.

क्युरॅसची खरी अडचण म्हणजे दुसरा माणूस लागतो. इटालियन पद्धतीच्या क्युरॅसला डाव्या कुशीला बिजागरी असते, तो उजव्या बाजूला आणि खांद्यावर बकलांनी बंद होतो. हात पत्र्यांत अडकल्यावर ती बकलं आपली आपल्याला लावता येत नाहीत. 15व्या शतकातली चिलखत चढवण्याची एक इंग्रजी सूचना न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतल्या हस्तलिखितात आहे. तिच्यात पायांपासून सुरुवात करायला सांगितली आहे: आधी पाऊल, मग नडगी, मग मांडी, मग छाती, मग हात. ती सगळी सूचनाच मुळी चढवणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे. आमच्या गटात आम्ही जोड्या ठरवल्या आहेत आणि आता ती पंधरावीस मिनिटं मला हवीहवीशी वाटतात. समोरचा माणूस आपल्या प्रत्येक पट्ट्याकडे नजर टाकतो, सैल राहिलेला रिव्हेट तिथेच सापडतो. गट छोटा असेल किंवा तुम्ही एकटेच शाळांमध्ये प्रात्यक्षिकं करत असाल, तर मात्र हा मुद्दा ब्रिगंडाइनच्या बाजूनं जड पडेल हे कबूल.

दोन्हींचा मेळ घालणारी एक वाटही आहे: ब्रिगंडाइनवर पोटाशी पत्र्याचा प्लॅकार्ट. तिला त्या काळच्या चित्रांचा आधार आहे, दिसतेही देखणी. ओलाव्याच्या बाबतीत मात्र ब्रिगंडाइन आत आहेच, शिवाय त्यावर पत्रा आल्यानं ते आणखी उशिरा वाळतं.

भूमिकेचं बोलायचं तर तिरंदाज, भालाईत, जहाजावरचा शिपाई यांच्यासाठी ब्रिगंडाइन घ्या आणि वरची कथिलाची अट पाळा. चकचकीत मिलानी (इटालियन) क्युरॅस घातलेला तिरंदाज रांगेत खटकतो. सरदार किंवा त्याच्या जवळच्या लढवय्यांपैकी कुणी उभा करणार असाल, गटात मदतीला माणसं असतील आणि किट वर्षानुवर्षं वापरायचं असेल, तर माझा कौल क्युरॅसला. तयार घ्यावा की बनवून घ्यावा? परवडत असेल आणि थांबायची तयारी असेल तर बनवूनच घ्या. तयार घेतलात तर त्याचे पट्टे पहिल्याच आठवड्यात बदला. सोबत आलेलं चामडं बहुतेक वेळा पातळ असतं आणि बकलं त्या काळची वाटत नाहीत. काखेचा काप तपासा: दोन्ही हात छातीसमोर आणून तळवे एकमेकांना टेकले पाहिजेत आणि कड दंडात रुतता कामा नये.

मापं देण्याआधी आर्मिंग डब्लेट शिवून पुरा झालेला असावा. तो घालून, नाड्या बांधून, पायांचे पत्रे त्याला लटकवून मगच टेप लावा. पायांचं वजन डब्लेटला खाली ओढतं, कंबर थोडी खाली येते, आणि तो फरक मापात धरला नाही तर फॉल्ड नको तिथे बसतो. कारागिराला आकड्यांसोबत समोरून, बाजूनं आणि बसलेल्या अवस्थेतले फोटोही पाठवा.