मायकोसिस फंगॉइडिस: एनबी-यूव्हीबी घ्यावं की पुवा?

निदानाचा कागद हातात पडला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, "किमो कधी सुरू करायची?" मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतल्या टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कर्करोगच, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण आजार चट्टे आणि पातळ चकत्या यांपुरताच असेल, तर किमोने सुरुवात करण्यात फायदा नाही. अमेरिकेत १०३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सुरुवातीलाच संपूर्ण त्वचेवर इलेक्ट्रॉन किरण आणि जोडीला किमो दिली, दुसऱ्या गटाला आधी त्वचेपुरतेच सौम्य उपचार. पहिल्या गटात आजार जास्त जणांत पूर्ण मावळला, पण आयुष्य काही वाढलं नाही आणि दुष्परिणाम मात्र बरेच जास्त झाले. अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागावर चट्टे असलेल्यांचं आयुष्यमान तर इतर माणसांसारखंच असतं. (बोटांसकट आपला तळहात म्हणजे साधारण १ टक्का.) म्हणून घाईने जोरदार उपचार मागू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

आधी निदान पक्कं आहे ना, ते बघा. आपल्याकडे सावळ्या त्वचेवर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, हा आजार पुष्कळदा फिकट डागांच्या रूपात येतो. मग कुणी कोड म्हणतं, कुणी नायटा समजून मलम देतं, कुणाला कुष्ठरोगाची शंका येते. कापसाच्या टोकाने डागाला हळूच स्पर्श केला तर कुष्ठरोगात तो बऱ्याचदा कळत नाही; या आजाराच्या डागावर संवेदना शाबूत असते. खात्री मात्र बायोप्सीच देते, तीही अनेकदा एकाच तुकड्यात नाही. दोन-तीन जागांचे तुकडे घ्यावे लागतात, काही महिन्यांनी पुन्हाही घ्यावे लागतात. त्याआधी दोन ते चार आठवडे स्टेरॉइडचं मलम बंद ठेवायला हवं, नाहीतर पेशी दबलेल्या राहतात आणि रिपोर्टवर "इसबासारखे बदल" एवढंच येतं. शंका लिम्फोमाची आहे, हे तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. सीडी३, सीडी४, सीडी७, सीडी८ या पेशींवरच्या खुणांचे रंग लावून बघायचे की नाही, ते त्यावरच ठरतं.

आता लाइटचं, म्हणजे त्वचेवर अतिनील किरणं सोडायच्या दोन उपचारांचं: एनबी-यूव्हीबी (अतिनील-बी किरणांचा अरुंद पट्टा) आणि पुवा (सोरॅलेन नावाचं औषध देऊन मग अतिनील-ए किरणं). दोन्ही उपचारांत आठवड्यातून दोन-तीनदा नळ्यांच्या चेंबरमध्ये उभं राहायचं असतं आणि फरक दिसायला काही महिने लागतात. एनबी-यूव्हीबीमध्ये ३११ नॅनोमीटरच्या आसपासची किरणं वापरतात. गोळी नाही, मळमळ नाही. चष्मा फक्त चेंबरमध्ये असेपर्यंत. गरोदर बाईला आणि लहान मुलालाही देता येतं. मर्यादा एकच, पण ती महत्त्वाची आहे: ही किरणं खोल जात नाहीत. पातळ चट्टे आणि फिकट डाग यांना ती पुरतात. बोटांना टणक लागणारी जाड चकती किंवा केसांच्या मुळांशी शिरलेला आजार असेल तर कमी पडतात.

पुवाची किरणं खोलवर पोचतात. १९७६ पासून या आजारात त्याचा वापर नोंदलेला आहे, आणि वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासले तर आजार पूर्ण मावळण्यात पुवाचं पारडं थोडं जड दिसतं. पण त्याची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागते. लाइटच्या साधारण दोन तास आधी मेथॉक्सॅलेनची (सोरॅलेन प्रकारातली) गोळी, तीही थोडं खाऊन, नाहीतर मळमळतं. मग चोवीस तास किरणं अडवणारा चष्मा, आणि दिवसभर उन्हापासून जपायचं. तालुक्याहून एसटीने येऊन भर दुपारी परत जाणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा लहान नाही. पुवाने भाजलं तर ते दोन-तीन दिवसांनी पूर्ण दिसतं, म्हणून लागोपाठच्या दिवशी लाइट घेत नाहीत. रंग जास्त काळवंडतो. गोऱ्या रुग्णांत खूप सेशन झाल्यावर त्वचेचे दुसरे कर्करोग वाढलेले आढळले आहेत. सावळ्या त्वचेला तो धोका कमी, तरी सेशनचा हिशेब ठेवायला हवाच. गरोदरपणात पुवा नको.

इथे एक कळकळीची विनंती. पुवातलं सोरॅलेन बावचीच्या बियांतही असतं, म्हणून कुणी घरीच बावचीचं तेल लावून उन्हात बसतं. तसं करू नका. किरणांचं माप नसेल तर त्वचा फोड येईपर्यंत भाजते.

माझं मत विचाराल तर: चट्टे पातळ किंवा फिकट असतील, रुग्ण मूल असेल किंवा गरोदर असेल, तर एनबी-यूव्हीबी. चकत्या जाड असतील, किंवा एनबी-यूव्हीबी नेमाने तीन-चार महिने घेऊनही त्या हलल्या नसतील, तर पुवा. आणि चेंबर इतकं लांब असेल की निम्म्या खेपा चुकणारच, तर थोड्या चट्ट्यांसाठी क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावणं जास्त कामाचं. अर्धवट घेतलेल्या लाइटवरून "गुण आला नाही" हे ठरवता येत नाही. दर महिन्याला त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा. डोळ्यांना बदल कळत नाही, फोटोत कळतो.

दोन्ही लाइट काखेत, जांघेत, स्तनांखाली आणि नितंबांच्या घडीत पोचत नाहीत. आजार बरेचदा तिथूनच परत डोकावतो. तिथे मलमच लावावं लागतं आणि प्रत्येक भेटीत ती जागा डॉक्टरांना दाखवावी लागते, संकोच वाटला तरी.

एक सेंटीमीटरहून मोठी गाठ उठली, अंग सगळं लालबुंद होऊन सोलायला लागलं, किंवा काखेत-जांघेत लिम्फच्या गाठी लागल्या, तर ही तुलना तिथेच संपते. मग रक्ताची फ्लो सायटोमेट्री (रक्तात या आजाराच्या पेशी आहेत का, ते शोधणारी तपासणी), स्कॅन, रेडिएशन, ब्रेंटुक्सिमॅब किंवा मोगामुलिझुमॅबसारखी औषधं यांचा विचार होतो, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ आणि लिम्फोमा बघणारे डॉक्टर एकत्र बसतात अशा कर्करोग रुग्णालयातच जायला हवं. तिथे जाताना बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नको. पॅथॉलॉजी लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून सोबत न्या.