लग्नाची डीव्हीडी कन्व्हर्ट करताय? ७२०, ७६८, १०२४ की थेट १०८०?

साधारण २००० ते २०१२ च्या दरम्यान ज्यांच्याकडे लग्न, मुंज, साठीशांत झाली, त्यांच्या कपाटात एखादी तरी डीव्हीडी असतेच. नव्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नसतो आणि घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क वर्षांनुवर्षं टिकतीलच असं नाही, त्यामुळे त्या वेळेत फाइलमध्ये आणणं गरजेचं आहे. पण कन्व्हर्ट करायला बसलं की सॉफ्टवेअर रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची रुंदी आणि उंची किती पिक्सेल (ठिपके) ठेवायची, ते विचारतं. तिथे भलता आकडा पडला तर चेहरे फुगतात किंवा उभट होतात. जी माणसं आता नाहीत, त्यांचे चेहरे तरी पुढच्या पिढीला होते तसे दिसावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप करायचा.

माझा सल्ला आधीच सांगते: एक प्रत जशीच्या तशी जपून ठेवा, दुसरी ७६८×५७६ किंवा १०२४×५७६ ची करून सगळ्यांना पाठवा. १०८० च्या, म्हणजे १०८० ओळी उंचीच्या फुल एचडीच्या, फंदात शक्यतो पडू नका. कारणं आता बघू.

आकडे जुळत का नाहीत

आपल्याकडच्या डीव्हीडी पाल (PAL) या आपल्या टीव्हीच्या पद्धतीच्या असतात: ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. चित्र जुन्या टीव्हीसारखं ४:३ असो वा रुंद १६:९, डिस्कवर पिक्सेल तेवढेच असतात. ७२० ला ५७६ ने भागलं की येतात १.२५. ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८, म्हणजे दोन्हींशी हिशेब जुळत नाही. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतातच. चित्र दाखवताना किती रुंद करायचं याची सूचना डिस्कवर वेगळी नोंदवलेली असते आणि प्लेअर ती पाळतो. उंची ५७६ ठेवली तर ४:३ चं चित्र ७६८ रुंद होतं आणि १६:९ चं १०२४.

कन्व्हर्ट करताना ती सूचना गळली आणि फाइल नुसती ७२०×५७६ राहिली, तर ४:३ मधली माणसं सहा टक्के बारीक दिसतात. एवढं कुणाच्या लक्षातही येत नाही. १६:९ मध्ये मात्र तीस टक्के बारीक दिसतात, ते लगेच खटकतं. उलट ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणून बसवलं तर सगळे ३३ टक्के रुंद होतात. घरोघरी हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण टीव्हीची काळी पट्टी गेली की ‘फुल स्क्रीन झालं’ म्हणून बरं वाटतं.

डिस्कवरची सूचनाच चुकीची असणंही अगदी शक्य आहे. एडिटिंग करताना एका बटणाने ती बदलते. म्हणून डोळ्यांनी खात्री करा. फुलांनी सजवलेली गाडी बाजूने दिसते तिथे व्हिडिओ थांबवा आणि स्क्रीनला पट्टी लावून चाकाची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी आली तर प्रमाण बरोबर आहे. गाडी नसेल तर कार्यालयातलं भिंतीवरचं गोल घड्याळ समोरून दिसेल अशी फ्रेम शोधा. औक्षणाचं ताट मात्र मोजू नका, ते कायम तिरकं धरलेलं असतं.

जशीच्या तशी प्रत की पुन्हा एन्कोड?

मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर डीव्हीडीतला एमपेग-२ व्हिडिओ हात न लावता एमकेव्ही फाइलमध्ये भरतं. दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि प्रमाणाची सूचनाही टिकते. फाइल मोठी होते, एका थराची डिस्क ४.७ जीबीची असते, पण आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. एक सेटिंग मात्र बघा: दोन मिनिटांपेक्षा छोटे भाग हे सॉफ्टवेअर आपणहून वगळतं. सुरुवातीचा फोटोंचा छोटा तुकडा वेगळा असेल तर तो राहून जाईल. ही मर्यादा शून्यावर आणा. जपून ठेवायची प्रत म्हणून याला पर्याय नाही.

हीच फाइल मावशीला फोनवर पाठवायची तर ती जड पडते, शिवाय एमपेग-२ सगळीकडे चालेलच असं नाही. मग हँडब्रेक या कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ पुन्हा एन्कोड करून, म्हणजे नव्याने दाबून छोटा करून, एच.२६४ या पद्धतीची एमपी४ फाइल करायची. इथे पुन्हा दोन वाटा आहेत.

पहिली वाट अ‍ॅनामॉर्फिकची. पिक्सेल ७२०×५७६ च ठेवायचे आणि ताणायची सूचना फाइलमध्ये लिहायची. तत्त्व म्हणून मला हीच वाट आवडते, कारण रुंदीतला एकही पिक्सेल नव्याने मोजावा लागत नाही. व्हीएलसीसारखे प्लेअर ती सूचना नीट पाळतात. पण हा व्हिडिओ पुढे कुणी एडिटिंग अ‍ॅपमध्ये घातला, स्टेटसला लावला, आणखी कुठे कन्व्हर्ट केला, की ती सूचना गळू शकते आणि चित्र पुन्हा बिघडतं. घरातला व्हिडिओ चार हातांतून फिरणारच.

म्हणून वाटण्याच्या प्रतीसाठी दुसरी वाट: अ‍ॅनामॉर्फिक बंद करून पिक्सेल चौरस करायचे. ४:३ असेल तर ७६८×५७६, १६:९ असेल तर १०२४×५७६. रुंदी थोडी वाढवताना किंचित मऊपणा येतो, तो शेजारी शेजारी लावून बघितल्याशिवाय दिसत नाही. बदल्यात प्रमाण चित्रातच पक्कं होतं आणि फाइल कुठेही उघडली तरी तशीच दिसते. काही जण ७२०×५४० करतात. प्रमाण तेही बरोबरच आहे, पण त्यात ३६ ओळी विनाकारण जातात. दर्जासाठी हँडब्रेकमध्ये आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १८ ते २० ठेवा.

१०८० केलं तर?

४:३ चं चित्र १४४०×१०८० होईल. पिक्सेल जवळजवळ चौपट होतील, पण पैठणीच्या पदरावरचा जो मोर डिस्कवर धूसर आहे तो धूसरच राहील. मूळ चित्रात नसलेली माहिती मोठं केल्याने येत नाही. टीव्ही दाखवताना हे काम आपणहून करतोच. ‘एआय’ने स्पष्ट करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि कापडावर, दागिन्यांवर त्यांचा परिणाम छान दिसतो. चेहऱ्यांवर मात्र मला ती नको वाटतात. दूर उभ्या असलेल्या आजोबांचा चेहरा ४०-५० पिक्सेलचा असेल तर सॉफ्टवेअर डोळे आणि ओठ अंदाजाने रंगवतं. ते आजोबा नसतात. नव्या एचडी व्हिडिओत जुने तुकडे जोडून माहितीपट करायचा असेल तरच १०८० ला अर्थ आहे.

४:३ चं चित्र वरून-खालून कापून १६:९ करू का, असंही विचारतात. पाव चित्र जातं. वर मुंडावळ्या जातात, खाली हात जातात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, त्या फाइलमध्ये भरायचीही गरज नाही, टीव्ही स्वतः दाखवतो.

अक्षतांचा क्षण

रिझोल्यूशनइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंटरलेसिंग, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या काळातल्या कॅमेऱ्यांचं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींचं असतं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, सेकंदाला ५० वेळा. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तिथे फ्रेम थांबवा. हवेतल्या हातांच्या आणि दाण्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसल्या, तर व्हिडिओ इंटरलेस्ड आहे. तसाच ठेवून उंची ५७६ ची ५४० किंवा १०८० केली, तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हे दात कायमचे चित्रात बसतात, नंतर काढता येत नाहीत. आधी डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींपासून पूर्ण फ्रेम करणं, मगच आकार.

हँडब्रेकमध्ये डीइंटरलेससाठी यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हा पर्याय निवडा. त्यातला ‘बॉब’ (प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम करणारा) हा पर्याय घेऊन फ्रेम रेट ५० केला तर हालचाल डिस्कवर होती तितकीच सलग राहते. वरातीतलं नाचणं, लेझीम यात हा फरक स्पष्ट दिसतो. फाइल थोडी वाढते, पण मी दर वेळी ५० च घेते.

थोडे अडचणीचे प्रकार

काही डिस्कवर रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या देऊन बसवलेलं असतं. आजच्या टीव्हीवर त्याला चारही बाजूंनी काळं दिसतं. त्यात खऱ्या चित्राच्या ओळी ४३२ च असतात. पट्ट्या कापा आणि ७६८×४३२ ठेवा.

जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी केली असेल तर तळाशी थरथरत्या काही ओळी दिसतात. त्या जरूर कापा. डाव्या-उजव्या कडांना आठ-आठ पिक्सेलचं काळं असतं, तेही काढता येतं. फक्त कापल्यावर उरलेलं चित्र ताणून पुन्हा जुन्या आकारात बसवू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी मुद्दाम एनटीएससी (तिकडच्या टीव्हीची पद्धत) डिस्क करून घेतली असेल तर ती ७२०×४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम अशी असते. चौरस पिक्सेलमध्ये ६४०×४८० किंवा ८५४×४८० होते. पण मूळ चित्रीकरण पालमधलं असेल, तर त्या रूपांतरात ओळी आधीच कमी झाल्यात आणि हालचालही अडखळते. तिकडच्या मंडळींनी आपली डिस्क कन्व्हर्ट करण्याआधी इकडे फोन करून पाल डिस्क कुणाकडे आहे का, ते विचारावं. बहुधा मुलीच्या माहेरी एक आणि सासरी एक अशा दोन प्रती असतात, आणि एकीवर ओरखडे असले तरी दुसरी वाचते.