सरपंच कोणी निवडावा : सदस्यांनी की गावाने?

लोकशाहीचे तोटे सांगताना दिल्ली-मुंबईची उदाहरणे दिली जातात. मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतीत ते अधिक जवळून दिसतात, कारण सरपंच निवडण्याच्या दोन्ही पद्धती इथल्या गावांनी अनुभवल्या आहेत. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

सदस्यांतून सरपंच निवडताना मतदार बाजूला पडतो. सात जणांच्या पंचायतीत चौघे हाताशी आले की बहुमत होते. मग या चौघांना जीपमध्ये बसवून देवदर्शनाला नेले जाते, त्यांचे फोन बंद लागतात आणि निवडीच्या सकाळी ते थेट पंचायतीच्या दारात उतरतात. (देवदर्शनाचा खर्च कोणाचा, हे कोणी विचारत नाही.) पुढे त्यांतला एखादा रुसला, की सरपंचाचा सारा वेळ त्याची मनधरणी करण्यात जातो.

थेट निवडीत हा बाजार बराच कमी होतो, म्हणून मला ती उजवी वाटते. पण प्रचाराचा खर्च वाढतो आणि मोठ्या भावकीचे पारडे जड राहते. शिवाय सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचे असले, तर मे महिन्यात गावविहीर कोरडी पडलेली असतानाही टँकर आधी कोणत्या वस्तीत रिकामा करायचा, यावर मासिक सभा संपते. अशा सरपंचाला हटवणेही अवघड, कारण सदस्यांच्या अविश्वास ठरावावर ग्रामसभेचीही मान्यता लागते.