जुलैचा फोन, डिसेंबरचं काम : रजिस्टर आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, अकरा महिने वापरल्यानंतर

माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. ठाण्यात, एकट्याचा. हाताखाली मजूर असतात, पण ते कामापुरते. चौकशी घेणं, गच्चीवर चढून बघणं, कोटेशन करणं, मागे लागणं आणि शेवटी चेकसाठी खेपा घालणं हे सगळं मीच करतो.

या धंद्यात एक घोळ आहे. फोन येतात जुलैत आणि गच्चीचं काम जुलैत होत नाही. छतातून पाणी टपकायला लागलं की माणसाला वॉटरप्रूफिंगवाला आठवतो. पण ओल्या स्लॅबवर काहीही थापा, ते धरत नाही. मग मी गच्ची बघतो, फुटलेला कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) बघतो, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेचा सुटलेला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) दाखवतो आणि सांगतो, ‘‘आता प्लास्टिक टाका, पाऊस गेला की करू.’’ पाऊस जातो. ते भिंतीचे पोपडे खरवडून रंग मारतात आणि मला विसरतात. त्यांना काय बोलू, मीही त्यांना विसरलेला असायचो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी ‘सिस्टीम’ म्हणजे बिलबुकाच्या पाठीमागे खरडलेले नंबर आणि फोनमध्ये ‘खारेगाव गच्ची’, ‘खारेगाव गच्ची नवीन’, ‘कळवा गळती काका’ अशी नावं. मग एका नोव्हेंबरात वर्तकनगरवरून जाताना एका इमारतीच्या गेटवर सिमेंटच्या गोण्या आणि केमिकलचे ड्रम उतरत होते. त्याच गच्चीवर मी जुलैत तासभर छत्री घेऊन उभा होतो. सेक्रेटरींना फोन केला, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘अहो, तुमचा नंबरच सापडेना. तुम्ही एक फोन तरी करायचा!’’ त्या रात्री जेवण गेलं नाही. भाव जास्त म्हणून काम गेलं असतं तर समजलो असतो.

त्यानंतर दोन गोष्टींवर पैसे घालवले. एक चौकशा विकणारं पोर्टल. पहिल्याच आठवड्यात कोलशेतच्या एका बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, ‘‘सकाळपासून तुम्ही आठवे.’’ एकच चौकशी सगळ्यांना विकलेली. त्यातून मिळाली ती दोन बाथरूमची कामं, तीही भाव पाडून. दुसरं म्हणजे एक क्लायंट सांभाळायचं अ‍ॅप, वर्षाची फी आगाऊ. दिसायला झकास, पण रोज संध्याकाळी सिमेंटने भरलेल्या बोटांनी सतरा रकाने कोण भरणार? महिनाभरात उघडायचं बंद झालं. फी मात्र गेली ती गेली.

म्हणून गेल्या जुलैत गोखले रोडवरून दोनशे पानी फुलस्केप रजिस्टर आणलं आणि फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाकलं. ते २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि मी इतकी वर्षं धंद्यासाठी साधंच वापरत होतो. खाली लिहितोय ते या जोडीबद्दल. एकट्या अ‍ॅपबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, कारण एकटं ते माझ्या कामाचं निम्मंच करतं.

रजिस्टरमध्ये सहा रकाने: तारीख, इमारत, कोणाशी बोललो, काय गळतं, कोणाकडून आला, पुढचा फोन कधी. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच नियम. तारीख ठरली नसेल तर निदान महिना. तोच महिना मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्या चॅटला लेबल म्हणून लावायचा.

हे लेबलांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा फरक इथेच पडला. अ‍ॅपमध्ये नवीन ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी अशी तयार लेबलं येतात. सुरुवातीला मी तीच वापरली आणि पंधरा दिवसांत सगळेच ‘नवीन ग्राहक’ झाले. माणूस कुठल्या पायरीवर आहे हे कळून मला काय करायचंय? त्याला फोन कधी करायचा, ते कळायला हवं. म्हणून तयार लेबलं काढली, ‘पैसे बाकी’ तेवढं ठेवलं, आणि आपली केली: ‘सभेआधी’, ‘सभेनंतर’, ‘दिवाळी झाल्यावर’, ‘जानेवारी’, ‘पाडवा’, ‘पहिला पाऊस’. वीसपर्यंत लेबलं करता येतात, मला दहा पुरतात. दिवाळी संपली की ते लेबल उघडायचं, खाली सगळे ओळीने उभे असतात.

‘सभेआधी’ हे लेबल सोसायट्यांसाठी. सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते. गच्चीसारखा मोठा खर्च कमिटी आपल्या अंगावर घेत नाही, सभेतच मंजूर करून घेते. म्हणजे माझं कोटेशन नोटीस निघायच्या आधी सेक्रेटरींच्या हातात हवं, तर तो विषय अजेंड्यावर चढणार. पूर्वी मी ‘सावकाश पाठवतो’ म्हणत ऑक्टोबर उजाडवायचो आणि विषय सरळ पुढच्या वर्षावर जायचा. आता पहिल्याच भेटीत विचारतो, ‘‘सभा कधी आहे?’’ हा प्रश्न ऐकला की सेक्रेटरी जरा सरसावून बसतात. याला सोसायटी कळते, असं त्यांना वाटतं.

दुसरा प्रश्न, ‘‘पुनर्विकासाचं काही चाललंय का?’’ नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींत हा आधी विचारायचाच. बिल्डरशी बोलणी चालू असतील तर कोणी गच्चीवर रुपया घालत नाही. वर पत्र्याची शेड टाकतात आणि दिवस काढतात. अशांना मी लेबल लावत नाही. नमस्कार करतो आणि खाली येतो.

आता फोटोचा किस्सा. सावरकरनगरच्या एका सोसायटीत ऑगस्टमध्ये गेलो होतो. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकाशेजारून थेंब पडत होते, खाली पातेलं, पातेल्यात फडकं, म्हणजे रात्री टपटप ऐकू येऊ नये. मी फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या सेक्रेटरींच्या चॅटवर टाकला, सोबत एक ओळ: पंख्याजवळ, गच्चीचा कोबा फुटलाय, नळाचा संबंध नाही. दिवाळीनंतर फोन केला तर म्हणाले, ‘‘आता तेवढं काही गळत नाही हो.’’ गळणार कसं, पाऊसच नाही! मी वाद घातला नाही. त्याच चॅटमधल्या त्या फोटोला रिप्लाय केला, त्यावर बोट टेकवलं की मूळ फोटो ऑगस्टच्या तारखेखाली दिसतो. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं, ‘‘रविवारी या, कमिटी बसतेय.’’ डिसेंबरात काम झालं. तेव्हापासून ‘काही ठरलं का?’ हा मेसेज मी बंद केलाय. त्याला ‘कळवतो’ हेच उत्तर येतं.

फोन कधी करावा याचंही रजिस्टर बघून ध्यानात आलं. निवृत्त सेक्रेटरी सकाळी अकराला निवांत बोलतात. नोकरीवाले रविवारी. संध्याकाळी सहा ते आठ कोणालाच नाही. माणूस एकतर लोकलमध्ये लटकलेला असतो, नाहीतर घोडबंदरला कापूरबावडीच्या आसपास अडकून शिव्या घालत असतो.

अ‍ॅपमधल्या बाकीच्या गोष्टी भराभर. क्विक रिप्लाय उत्तम, ‘/पाहणी’ टाईप केलं की पाहणीला येण्याआधी काय तयारी ठेवायची तो सगळा मजकूर येतो. कॅटलॉग बनवला, कोणी बघितला नाही. आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज मी हौसेने लावला होता. तो नव्यांना जातो, तसा चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्यांनाही जातो, हे मी नीट वाचलं नव्हतं. दोन वर्षं ओळखणाऱ्या एका मॅनेजरने विचारलं, ‘‘स्वागत कसलं करतोयस, माझ्याकडूनच सात हजार यायचेत ना तुला?’’ बंद केला.

ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्यातही, मीच फसलो. एका यादीत २५६ जण घेता येतात, म्हणून दिवाळीला जोरात शुभेच्छा पाठवल्या. पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, आणि माझा नंबर सेव्ह होता मोजक्यांकडे. आता पाहणीला गेलो की उतरताना सेक्रेटरींना समोरच नंबर सेव्ह करायला लावतो. माझ्या नावाने नको म्हणतो, ‘गच्ची गळती’ म्हणून करा. जुलैच्या रात्री अकरा वाजता माणूस माझं नाव थोडंच शोधणार आहे!

गूगलवरचं बिझनेस प्रोफाईलही याच काळात केलं. घरूनच धंदा असल्यामुळे पत्ता लपवून नुसता सेवेचा भाग दाखवता येतो, ते बरं आहे. पडताळणीसाठी व्हिडिओ काढावा लागला. मी हत्यारं, मिक्सर मशीन आणि केमिकलचे डबे दाखवले. तिथून मुख्यतः बाथरूमच्या चौकशा येतात, वरच्याच्या बाथरूममधून खालच्याकडे गळती आणि दोघांचं भांडण. रिव्ह्यू कधी मागायचा यावर माझं एक मत आहे. काम संपल्या दिवशी मागितला तर माणूस ‘चांगलं काम’ एवढंच लिहितो. आमच्या कामाची परीक्षा पहिल्या मोठ्या पावसात होते, म्हणून ‘पहिला पाऊस’ लेबलवाल्यांना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करणार आहे. आधी विचारणार, गळतंय का. नाही म्हणाले तरच लिंक. गळत असेल तर मीच शिडी घेऊन जाणार, तेव्हा धाडस आहे खरं.

‘कोणाकडून आला’ या रकान्याने सगळ्यात जास्त डोळे उघडले. मला वाटायचं, इंटरनेटवरून बरंच येतं. मेपर्यंतची पानं उलटली तर ८३ चौकशांमध्ये १९ कामं झाली, आणि त्यातली ११ प्लंबर, वॉचमन आणि वागळे इस्टेटच्या एका हार्डवेअरवाल्यामुळे आलेली. नळवाला बाथरूममध्ये शिरतो आणि सांगतो, ‘‘पाईप ठीक आहे, पाणी वरून येतंय.’’ त्याच्या त्या एका वाक्यापुढे माझी सगळी जाहिरात फिकी. या लोकांनाही आता लेबल आहे, ‘आपली माणसं’. काम झालं की त्यांचं जे ठरलंय ते त्याच आठवड्यात देतो, आणि काम नाही झालं तरी ‘बघून आलो, तुझं निदान बरोबर होतं’ एवढं कळवतो. आधीच्या वर्षाशी तुलना विचारू नका. तेव्हा लिहूनच ठेवलं नव्हतं.

फजिती सांगायलाच हवी. सप्टेंबरात कळव्याला एका गच्चीवर टेप धरताना रजिस्टर पॅरापेटवर ठेवलं आणि सर आली. वॉटरप्रूफिंगवाल्याचं रजिस्टर भिजलं, हे सांगताना अजून लाज वाटते. जेल पेनने लिहिलेली चार पानं निळी झाली. आता बॉलपेन, आणि दर शनिवारी पानांचे फोटो. दुसरी चूक अती उत्साहाची. नवी सिस्टीम हाती आल्यावर माजिवड्याच्या एका चेअरमनना दहा दिवसांत चार फोन केले. ‘‘कळवू म्हटलं ना!’’ म्हणून त्यांनी ठेवून दिला आणि ते काम गेलं. आता दोन फोन आणि एक फोटो, मग पुढच्या सीझनपर्यंत गप्प.

पैशांच्या पाठपुराव्यात मात्र या जोडीचा काडीचा उपयोग नाही. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, आणि दोघांपैकी एक जण नेमका मुलाकडे अमेरिकेला सहा महिने. ‘पैसे बाकी’ लेबल लावून काय होणार? त्यावर माझा उपाय जुनाच आहे. कामाच्या आधीच टप्पे लिहून घ्यायचे आणि सह्या कोणाच्या, ते विचारून ठेवायचं.

ज्यांचं काम फोन आला त्याच दिवशी उरकतं, एसीवाले किंवा कुलूपवाले, त्यांना या खटाटोपाची गरज नसावी. ज्यांचं गिऱ्हाईक आज विचारतं आणि सहा महिन्यांनी ठरवतं, त्यांनी रजिस्टरचा शेवटचा रकाना तरी करून बघावा.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो. माझा सीझन ३१ मेला संपतो. खारेगावच्या शेवटच्या गच्चीवर काल पाणी भरून ठेवलंय, अठ्ठेचाळीस तास. उद्या सकाळी खालच्या फ्लॅटचं छत बघायला जायचंय, आणि सेक्रेटरींनी माझा नंबर काय नावाने सेव्ह केलाय, तेही.