काडी ओढून बघितली असती तर

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. जुना भाग जांभ्या चिऱ्याचा, पण मागची खोली सिमेंट ब्लॉकची. तिची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते आणि पावसाळ्यात चार महिने ओली. बेळगावच्या एका ठेकेदारानं उपाय सांगितला: आतून मेंढीच्या लोकरीच्या गाद्या, बाहेरून त्याच भिंतीला टेकून छोटं ग्रीनहाऊस. "काका, घरात घोंगडं हाय न्हवं? तेच भिंतीला पांघरायचं." मला ते इतकं पटलं की 45,000 रुपये फोनवरून पाठवून मोकळा झालो. बिल? वहीच्या फाडलेल्या पानावर दोन ओळी.

पहिल्याच पावसाळ्यात गाद्यांमागून कुबट वास यायला लागला. एक उचकटली तर मागे काळी बुरशी, आणि भिंतीला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. लोकर हवेतली ओल शोषते आणि परत सोडते, हाच तिचा गुण; म्हणून तिच्यामागं चुन्याचा गिलावा, श्वास घेणारी भिंत लागते. इथं ओलीला वाटच नव्हती. त्यात ग्रीनहाऊसला वरची खिडकी ठेवली नव्हती, म्हणजे रोपांची सगळी वाफ त्याच भिंतीवर.

शेजारच्या म्हातारीनं गादीचा धागा ओढून काडी लावली. तो वितळला, थेंब पडला, गार झाल्यावर कडक काळी गुठळी. मग आपल्या घोंगड्याचा धागा पेटवला: केस जळाल्याचा वास, ज्योत काढली की विझला, राख बोटात चुरली. "हे पॉलिस्टर हाय रे," म्हणाली. तिनं शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं.

ग्रीनहाऊसचा कागद दुसऱ्या मिरगात फाटला. पुतण्या उद्यमबागेत मशीनशॉपला आहे, त्यानं तुकडा मायक्रोमीटरवर मोजला. 200 मायक्रॉन जाडीचा सांगितलेला कागद 110 भरला.

ठेकेदाराचा फोन बंद. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला कळवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. वकिलानं पहिल्यांदा बिलच मागितलं. पैसे पाठवल्याची नोंद आणि 'शंभर टक्के लोकर' लिहिलेले त्याचे मेसेज छापून घेतलेत. गादीचा एक तुकडा बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलाय; बायको तो डबा स्वयंपाकघरात ठेवू देत नाही.