वर्डप्रेस फुकट, पण वेबसाइटचं बजेट लागतंच

छोट्या धंद्याच्या पाच-सहा पानी साइटला वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर आजही उत्तम. ते मोफत आहे. पैसे लागतात डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) आणि देखभालीला. होस्टिंगचा जाहिरातीतला मासिक दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, वर १८ टक्के जीएसटी. नूतनीकरणाचा दर बराच चढा असतो. बजेट त्याच आकड्यावर बांधा. एसएसएलला, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राला, पैसे मोजू नका, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. डोमेन मात्र स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर घ्या, नाहीतर डिझायनर बदलताना साइटचा पत्ताच अडकतो. प्लगइन (वर्डप्रेसला जादा सुविधा देणारे जोड-प्रोग्राम) मोजकेच ठेवा: सुरक्षेच्या बहुतेक त्रुटी तिथेच सापडतात, आणि अपडेटआधी बॅकअप हवाच.